मोठा पोपट घरात आणि आपलं जाणं-येणंही: नव्यांसाठी पायरी-पायरीने

संध्याकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वळणावर वाजला की आमची शेवंती आतून हुबेहूब तसाच भोंगा वाजवते. पोदेर दारात थांबतो, पावांच्या टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला करतो आणि माझ्याआधी तिला विचारतो, "कितें गो?" ती मान खाली घालून गालावरची पिसं फुलवते. शेवंती म्हणजे निळा-पिवळा मकाव. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट, वजन किलोच्या आसपास. म्हार्दोळजवळच्या आमच्या घरी तिला येऊन नऊ वर्षं झाली.

पहिली दोन वर्षं मी कुठे म्हणून गेले नाही. लग्नाचं आमंत्रण आलं की नवरा एकटा आहेर देऊन यायचा. जत्रेच्या नाटकाच्या तालमी सोडल्या. मैत्रिणींनी बोलवायचंही सोडलं. एवढं करून ती सुखी होती का? मी न्हाणीघरात गेले तरी किंचाळायची, आणि दुसऱ्या पावसाळ्यात छातीवरची पिसं उपटायला लागली. चूक माझी होती. मी तिला माझा सगळा वेळ देत होते. तिला ठरलेला वेळ हवा होता, आणि माझ्याखेरीज आणखी माणसं हवी होती. हे कळल्यावर घर कसं बदललं, ते इथे क्रमाने सांगते. मकाव, आफ्रिकन ग्रे, काकाकुवा, इक्लेक्टस अशा मोठ्या पोपटांसाठी हे आहे.

पायरी १: पक्षी आणण्याआधी

आपल्याकडचा हिरवा पोपट, ज्याला कोकणीत कीर म्हणतात, तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. झाडावरून पडलेलं पिल्लू "दिसलं म्हणून" ठेवलं तरी. परदेशी पोपट पाळता येतात, पण २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले पक्षी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदवावे लागतात. मकाव, ग्रे, काकाकुवा या यादीत येतात. ग्रे तर २०१७ पासून सगळ्यात कडक यादीत आहे. विकणाऱ्याकडे नोंदणीचे कागद मागा; तो टाळाटाळ करत असेल तर उठून या. आपल्या विषयाशी याचा संबंध असा की मोठा पोपट घरी आला की माणसं बघायला येतात, फोटो काढतात. कागद नसलेला पक्षी लपवत जगावं लागतं, आणि लपवायची वस्तू घरात असली की दार आपोआप बंद होतं.

आवाजाचं आधीच ठरवा. मकावची पूर्ण ताकदीची हाक १०० डेसिबलच्या घरात जाते. तो ती रोज पहाटे आणि दिवेलागणीला मारणार, कारण रानात थवा तेव्हाच एकमेकांना हाका मारतो. ही हाक बंद करता येत नाही. पर्वरी-मडगावकडच्या सामाईक भिंतीच्या फ्लॅटमध्ये मकाव किंवा काकाकुवा नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रे किंवा इक्लेक्टस चालून जाईल. स्वतंत्र घर असलं तरी पक्षी यायच्या आदल्या आठवड्यात शेजाऱ्यांकडे जाऊन सांगा: सकाळी इतक्या वाजता, संध्याकाळी इतक्या वाजता आवाज होईल, कुणी आजारी असेल, मुलांची परीक्षा असेल तर कळवा. आमच्या शेजारच्या वयनीला मी हे आधी सांगितलं नव्हतं. तिचा राग निवळायला वर्ष लागलं.

आणि वयाचा विचार करा. नीट सांभाळलेला मकाव ५० वर्षं सहज जगतो. चाळिशीत आणणार असाल तर तो तुमच्यामागे राहणार आहे.

पायरी २: दिवस सूर्यावर बसवा

मोठ्या पोपटाला १० ते १२ तास अंधारातली, शांत झोप लागते. नवीन लोकांना हे बंधन वाटतं. मला विचाराल तर आपलं सगळं सामाजिक आयुष्य यावरच उभं आहे, कारण पक्षी साडेसातला झोपला की पुढची रात्र तुमची असते.

त्यासाठी झोपेचा पिंजरा वेगळा हवा, मागच्या खोलीत. दिवसाचा मोठा पिंजरा हॉलमध्ये असू दे. आम्ही शेवंतीला सव्वासातला हातावर घेऊन मागच्या खोलीत नेतो, पडदा ओढतो, एक मंद दिवा ठेवतो. त्यानंतर हॉलमध्ये टीव्ही, गप्पा, जेवणं काय हवं ते होतं. हॉलमध्येच झोपवायचा प्रयत्न आम्ही वर्षभर केला. पाहुणे कुजबुजत बसायचे आणि ती पडद्याआडून उत्तरं द्यायची.

गोव्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातनंतर. घड्याळाला चिकटून राहू नका, वर्षभरात अर्धा-पाऊण तास पुढेमागे सरकू द्या. आमचा दिवस साधारण असा जातो. सकाळी पाऊण तास तिच्यासोबत: खाणं, आंघोळीचा फवारा, "वर ये"चा सराव. मग मी कामावर. दुपारी सासूबाई घरात असतात, पण त्या तिच्याशी खेळत बसत नाहीत. त्या आपलं काम करतात आणि ती आपलं. साडेपाच ते सात पुन्हा आमचा वेळ. ही साडेपाच ते सात मी कुणाला देत नाही. हळदीकुंकू असेल तर साडेसातनंतर जाते, आणि बायकांना आता ते माहीत आहे. लग्नाचं रिसेप्शन सातला सुरू होतं, आम्ही साडेआठला पोचतो. वधूवर तेव्हाच व्यासपीठावर येतात. जत्रेतलं नाटक तर मध्यरात्रीच्या आधी कुठे रंगतं? फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात संध्याकाळचा प्रयोग असला की एक दिवस सासूबाई झोपवतात. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही. रोजचं चुकलं की बिघडतं.

पायरी ३: एकटं राहायला पहिल्या आठवड्यापासून शिकवा

बहुतेकांची गाडी इथे घसरते. पक्षी येतो तेव्हा आपण आठवडाभर रजा टाकतो, दिवसरात्र त्याच्याजवळ बसतो. तो समजतो, थवा असाच असतो. मग सोमवारी सकाळी आपण अचानक नऊ तास नाहीसे होतो. रानातल्या पोपटाच्या दृष्टीने थव्यातलं कुणी न सांगता नाहीसं झालं म्हणजे त्याला ससाण्याने नेलं. तो किंचाळतो ते भीतीने.

म्हणून पहिल्या दिवसापासून खोलीबाहेर जा. दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. दर वेळी जाताना एकच शब्द म्हणा. मी "जाते" म्हणायची. सासूबाईंनी मला थांबवलं. घरातून निघणारं माणूस "येते" म्हणतं, पक्ष्याला तरी वेगळं का शिकवायचं? तेव्हापासून आमच्याकडे "येते हं" चालतं. काही महिन्यांनी शेवंतीच मला पर्स उचलताना बघून "येते हं" म्हणायला लागली.

"येते हं" म्हणताना हातात काम द्या. रानात पोपटाचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. पिंजऱ्यातली वाटी तो दहा मिनिटांत संपवतो आणि उरलेला दिवस आपल्या दाराकडे बघतो. गोव्यात याला लागणारं सामान परसातच पडलेलं असतं. नारळाच्या करवंटीत बदाम किंवा अक्रोड घालून वर कागदाचा बोळा घट्ट कोंबा. मक्याच्या कणसाच्या पानांत गाजराचा तुकडा गुंडाळून गाठ मारा. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात खोकं, त्यात खोकं. नारळाच्या सोडणाचा जाड तुकडा कुरतडायला द्या, फक्त लांब धागे कापून टाका, ते पायाच्या बोटांत अडकतात. पक्ष्यांना तिखट लागत नाही, म्हणून खोला मिरच्या देठासकट पिंजऱ्याच्या गजांत खोचा. शेवंती एकेक बी वेगळं काढून खाते, आणि ते करताना तिचा अर्धा तास जातो. दाणे फार देऊ नका, सूर्यफुलाचे तर मोजून. रोजचं खाणं पेलेट्स (पोपटांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, भोपळा, पपई. अवोकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू हे विष आहे. आपल्याकडे काजूचा हंगाम असतो, तेव्हा कच्च्या काजूबियांच्या टरफलाचं तेल अंग पोळवतं हे लक्षात ठेवून बोंडूंची टोपली तिच्या आवाक्याबाहेर ठेवा.

आता किंचाळण्याचं. किंचाळली की आपण "गप्प गो!" म्हणत धावत जातो. तिला तेच हवं असतं. त्याऐवजी एक शीळ ठरवा. तुम्ही स्वयंपाकघरात, ती हॉलमध्ये: तिने शीळ घातली की तुम्ही लगेच शीळ घाला, दर वेळी, कंटाळा न करता. किंचाळली तर गप्प राहा, आणि आवाज थांबून दहा-पंधरा सेकंद गेली की मग आत जा. पहिले काही दिवस आवाज वाढतो. तेव्हा माघार घेतलीत तर ती शिकते की आणखी मोठ्याने ओरडलं की माणूस येतं. आमच्याकडे सहा आठवडे लागले. घरातल्या प्रत्येकाने पाळलं तरच हे जमतं.

पायरी ४: एका माणसाचा पक्षी होऊ देऊ नका

मोठा पोपट एक माणूस निवडतो. ते माणूस आपण असलो की सुखावतो, आणि तिथेच अडकतो, कारण मग दुसऱ्या कुणाच्या हातात तो जात नाही आणि आपण आजारीसुद्धा पडू शकत नाही.

यावर उपाय असा: आवडत्या माणसाने कंटाळवाणी कामं करायची, बाकीच्यांनी गोडाची. आमच्याकडे पिंजरा मी साफ करते, नखांकडे मी बघते, औषध मी पाजते. अक्रोड मात्र फक्त नवरा देतो. भाचा शनिवारी येतो तेव्हा तो तिला काडीचं टोक चोचीने शिवायला लावतो आणि शिवलं की पपईचा तुकडा देतो. या एका खेळाच्या जोरावर ती आता कुणाच्याही मागे एका खांबावरून, म्हणजे तिच्या बसायच्या फांदीवरून, दुसऱ्या खांबावर जाते. सासूबाई तिला हात लावत नाहीत. त्या समोर बसून तांदूळ निवडतात आणि व्यंकटेशस्तोत्र म्हणतात. तेवढंही नातं पुरतं.

कुरवाळायचं ते डोकं आणि मान, तेवढंच. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवला की पक्ष्याच्या शरीराला ते जोडीदाराचं वागणं वाटतं. मग तो त्या माणसाची राखण करायला लागतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला चावतो. घरात नवराबायकोत भांडणं लावणारे पोपट मी पाहिले आहेत. त्यातल्या बहुतेक घरांत दोष या कुरवाळण्याचा होता.

पायरी ५: पाहुणे घरी येणार

यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण गोव्यात येणं-जाणं घरातच होतं.

फोनवरच सांगा: सेंट, डिओ मारून येऊ नका, घरात सिगरेट नाही, येताना जमलं तर कानातले लोंबते डूल काढून ठेवा. पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा फार वेगळी काम करतात. हवेतलं जे आपल्याला नुसतं झोंबतं ते त्यांना मारू शकतं. सगळ्यात मोठा धोका स्वयंपाकघरात असतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या टेफ्लॉनच्या थराचा वायू निघतो, त्याला वास जवळजवळ नसतो, आणि पक्षी काही मिनिटांत दगावतो. पाहुणे आले की आपण घाईत मोठ्या आंचेवर रवा लावलेला इसवण तळायला घेतो, नेमका तेव्हाच. मी घरातली सगळी नॉनस्टिक भांडी, सँडविच टोस्टरसकट, देऊन टाकली. बिडाचा तवा आणि लोखंडी कढई. मासळी तशीही त्यांच्यावरच चांगली होते. अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल, रूम फ्रेशनर यांनाही हॉलमधून रजा. छताचा पंखा पक्षी बाहेर असताना बंद, त्याला अपवाद नाही. उकडत असेल तर जाळीचा टेबलफॅन.

पाहुणे आल्यावर पहिला पाव तास पक्षी पिंजऱ्यातच. सगळे बसले, आवाज स्थिर झाला, की मग ठरलेल्या खांबावर आणा. या खांबावर बसून राहणं आधीपासून शिकवलेलं असावं: खांबावर आहे तोवर अधूनमधून खाऊ, उतरला की काही नाही. रोज पाच मिनिटं केलं तर दोन महिन्यांत अर्धा तास बसतो. आमच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, सोप्याच्या (बसायच्या बाकाच्या) टोकाला, जाळीच्या आत, शेवंतीचा पेरूच्या फांदीचा खांब आहे. सोप्यावर आम्ही, खांबावर ती.

आता पाहुण्यांना वाचायला शिकवा. डोळ्याची बाहुली झपाझप लहानमोठी होते आहे, मानेवरची पिसं उभी आहेत, शेपटी पंख्यासारखी पसरली आहे: हात मागे. काकाकुवाचा तुरा ताठ झाला तर तेच. पक्षी नुसता मागे झुकला तरी तो "नको" म्हणतोय. माझ्या आतेबहिणीला मी हे सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती आली, "किती गोड" म्हणत वाकली, आणि शेवंतीने मंगळसूत्र धरलं. चोचीत सापडलेली वस्तू ओढली की मकाव आणखी घट्ट धरतो. बहीण मागे सरली, सर तुटला, काळे मणी सोप्याखाली घरंगळले, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या अंगठ्याला टाके घालण्याइतकी जखम झाली. मकावची चोच अक्रोडाचं कवच फोडते, त्यापुढे बोट ते काय. त्या दिवसापासून आमच्याकडे तीन नियम दाराजवळच सांगितले जातात. बोट पुढे करायचं नाही. खांद्यावर कुणीही घ्यायचं नाही, मीसुद्धा पाहुण्यांसमोर घेत नाही. लहान मुलांनी पिंजऱ्यापासून दोन हात लांब बसून दाणा लांब चमच्याने द्यायचा. मुलांना चमचा फार आवडतो.

ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी पक्षी पिंजऱ्यात राहील, आणि त्यावर थट्टा होणार नाही. मोठ्या पोपटाच्या घरी माणसं येईनाशी होतात ती बहुधा चाव्यामुळे नाही, यजमानाने भीती हसण्यावारी नेली म्हणून. कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, केमो चालू असेल, तान्हं बाळ असेल, किंवा दमा असेल तर त्यांना अंगणात बसवा. पोपटांकडून सिटाकोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार माणसाला होऊ शकतो, आणि ग्रे व काकाकुवाच्या पिसांची पूड बारीक उडते. बाकीच्यांनी हात धुतले की पुरे.

पायरी ६: चवथ, नरकासूर, शिगमो, ३१ डिसेंबर

गोव्यातले सण पक्ष्याला सांगून येत नाहीत, म्हणून तयारी आपण करायची.

शेवंतीच्या पहिल्या नरकासुराच्या रात्री मी तिला हॉलमध्येच ठेवलं होतं. वाड्यावरचा नरकासूर, म्हणजे दिवाळीच्या पहाटे जाळायचा पुतळा, आमच्या घरापासून पन्नास पावलांवर, पहाटेपर्यंत स्पीकर. दोनच्या सुमारास फटाक्यांची माळ लागली. अंधारात घाबरून ती पिंजऱ्यात चारी दिशांना आपटली. दिवा लावला तेव्हा गजांवर रक्त होतं. पंखातलं नवीन, रक्ताने भरलेलं पीस मोडलं होतं. मी टॉवेलमध्ये धरून कॉर्नफ्लॉर दाबून बसले, रक्त थांबलं तेव्हा बाहेर नरकासूर जळत होता. अशा वेळी रक्त काही मिनिटांत थांबलं नाही तर थेट डॉक्टर.

आता मी असं करते. आठ दिवस आधीपासून मागच्या खोलीतला पंखा आणि हळू आवाजात रेडिओ रात्रभर चालू ठेवते, म्हणजे त्या रात्री तो नवा वाटत नाही. मंद दिवा कधी विझवत नाही, कारण पिंजऱ्यात घाबरलेल्या पक्ष्याला खांब दिसला तर तो आपटत नाही. खिडक्या बंद, फटींना ओले टॉवेल, म्हणजे फटाक्यांचा धूर आत येत नाही. वीज जाते म्हणून इन्व्हर्टरवर तो एक प्लग. नरकासुराच्या रात्री घरातलं एक माणूस त्या खोलीत झोपतं, आम्ही पाळी लावली आहे. एका दिवाळीला मी, एका दिवाळीला नवरा. ज्याची पाळी नाही तो पोरांबरोबर नरकासूर बघत फिरतो.

चवथीला घर भरलेलं असतं. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधताना ती चोच मारायला येते, म्हणून त्या दिवशी तिच्या पिंजऱ्यात तिची छोटी माटोळी: पेरू, काकडी, मक्याचं कणीस, दोडकं. देवापुढचा धूप-कापूर आणि घुमट या वाद्यावरची आरती होते तेव्हा ती मागच्या खोलीत, दार बंद. घुमटाचा आवाज तिला आवडतो, ती आतून डोलते. धूर मात्र नको. पाचही दिवस साडेपाच ते सातमधला निदान अर्धा तास तिचा. चवथीच्या धांदलीत तो काढणं कठीण असतं. काढा. सण संपल्यावरची पिसं उपटणं त्याने टळतं.

पायरी ७: तिला बरोबर नेणं

थोडक्यात सांगते. प्रवासाचा पिंजरा घरात कायम उघडा ठेवा, त्यात खाऊ ठेवत जा. गरजेच्या दिवशी कोंबायची वेळ येऊ नये. बाहेर नेताना हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा), आणि तो घालायला शिकवायला महिने लागतात. पंख कापलेला पक्षीसुद्धा वाऱ्याच्या झोतावर माडाच्या शेंड्यावर जाऊन बसतो. मे महिन्यात उभ्या गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. समुद्रकिनाऱ्यावर मी नेत नाही: वारा, घारी, कावळे, आणि फोटोसाठी हात पुढे करणारी अनोळखी गर्दी. मैत्रिणीच्या अंगणात नेते, तिथे तिचाही एक खांब आहे.

पायरी ८: चार दिवस गावाला जायचं झालं तर

सांभाळणारं माणूस पक्षी आणल्याच्या पहिल्या वर्षातच तयार करा, गरज पडण्याआधी. शेजारच्या वयनीला आम्ही असं तयार केलं: आधी ती नुसती यायची आणि बदाम देऊन जायची. मग मी घरात असताना वाटी ती बदलायची. मग मी दोन तास बाहेर. मग एक रात्र. ती रात्र नीट गेली तेव्हा आम्ही पंढरपूरला तीन दिवस जाऊन आलो, लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एकत्र. पक्षी त्याच्याच घरी राहावा, माणसाने यावं. जागा आणि माणूस दोन्ही एकदम बदलू नये.

आमच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असतो. खाण्याच्या वेळा. विषारी पदार्थांची यादी. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा नंबर. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ असतात, पक्षी बघणारा आधीच शोधून एकदा तपासणीला जाऊन यावं लागतं. रोज सकाळचं वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर: पोपट आजार लपवतो, वजन लपवू शकत नाही, म्हणून दहावा हिस्सा वजन घटलं की फोन करायचा. पिसं फुलवून दिवसा खाली बसून राहिली, शेपटी श्वासाबरोबर वरखाली हलली, विष्ठेचा रंग बदलला, तर वाट बघायची नाही. पावसाळ्यात दाण्यांना आणि मक्याला बुरशी धरते आणि ती बुरशी फुप्फुसात जाते. ओलसर वास आला की डबाच फेकायचा. पिंजऱ्याच्या दाराला कडी नाही, कुलूप लावायचं, कडी तिला उघडता येते.

या कागदावर दुसऱ्या बाजूला आम्ही आणखी एक गोष्ट लिहिली आहे: आम्ही दोघं नसलो तर ती भाच्याकडे जाईल. तो आता एकोणीस वर्षांचा आहे. त्याला विचारून, त्याच्या आईवडिलांसमोर ठरवलं, आणि नोंदणीचे कागद कुठे आहेत ते त्याला दाखवून ठेवलं.

कागदाची शेवटची ओळ सासूबाईंच्या अक्षरात आहे. घर बंद करून निघताना वयनी ती वाचते आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणते. ओळ अशी: "दिवा मंद ठेवावा, कुलूप बघावं, आणि तिला येते हं म्हणावं. जाते म्हणू नये."